पांडुरंग खानखोजे यांच्यावर १२ फलकांचं प्रदर्शन करायचं आहे: कागद कुठे मिळतील, चुका कुठे होतात?

महालकर

नमस्कार मंडळी. येत्या ७ नोव्हेंबरला क्रांतिकारक आणि कृषितज्ज्ञ पांडुरंग खानखोजे यांची जयंती. नागपुरातल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये छोटं प्रदर्शन लावायचं ठरलंय. १२ फलक, प्रत्येकी दोन बाय तीन फूट, शिवाय ४० मिनिटांचं भाषण. सकाळी आठवी ते बारावीची मुलं, संध्याकाळी ज्येष्ठ मंडळी.

वीणा गवाणकरांचं 'नाही चिरा...' आणि मुलगी सावित्री यांनी इंग्रजीत लिहिलेलं चरित्र, दोन्ही वाचून झालीत. म्हणजे गोष्ट माहीत आहे. अडतंय ते फलक लिहायला बसल्यावर. वर्ध्यात जन्मलेला, अमेरिकेत शिकलेला, इराणात लढलेला, मेक्सिकोत मक्यावर काम केलेला आणि नागपुरात वारलेला हा एकच माणूस, असं मुलांना पटायला हवं. पण प्रत्येक देशातला मजकूर वेगळ्याच माणसाबद्दल असल्यासारखा वाचला जातो. त्यात व्हॉट्सअ‍ॅपवरचे दावे आणखी गोंधळ घालतात. मूळ कागद घरबसल्या कुठे बघता येतील? आणि मक्याचं काम विज्ञान न शिकलेल्या माणसाला कसं समजवावं? टेबलावर काही मांडता आलं तर फार बरं.

जुनी दप्तरं

महालकर, आधी नावाचा घोळ निस्तरा, नाहीतर कुठल्याच कॅटलॉगमध्ये काही हाती लागणार नाही. रोमन लिपीत 'खानखोजे' लिहिताना 'एच' दोनदा येतो. टंकलेखकाने कधी पहिला गाळला, कधी दुसरा, कधी दोन्ही. शेवटच्या 'ई'च्या जागी कधी 'आय' पडतो आणि 'जे'चा 'जी' होतो. म्हणजे एकूण सोळा रूपं. ती एका कागदावर लिहून घ्या आणि प्रत्येक ठिकाणी सोळाही टाकून बघा. मेक्सिकोच्या कागदात आणखी एक गंमत आहे. स्पॅनिशमध्ये 'एच' मुका असतो आणि 'जे' अक्षराचा उच्चार आपल्या 'ख' आणि 'ह' यांच्या मधोमध कुठेतरी. छापील नाव वाचणारा तिथला माणूस 'कानकोहे' म्हणणार. आणि त्यांच्या तोंडून 'खानखोजे' ऐकून लिहिणारा कारकून 'जे'च्या जागी 'वाय' घालणार.

दुसरा सापळा 'हिंदू' या शब्दाचा. त्या काळच्या अमेरिकन आणि मेक्सिकन कागदांत हिंदू म्हणजे हिंदुस्थानातून आलेला कोणीही. कॅलिफोर्नियातल्या शीख शेतमजुरांनाही हिंदूच लिहिलंय, मुसलमानांनाही. सॅन फ्रान्सिस्कोचा १९१७-१८ चा 'हिंदू-जर्मन कटाचा खटला' मराठीत आणताना 'हिंदी-जर्मन' किंवा 'भारतीय-जर्मन' असं लिहा. नाहीतर फलक वाचून मुलं भलताच अर्थ लावतील.

आता कागद.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ आहे, नोंदणी फुकट. तिथे होम डिपार्टमेंटची पोलिटिकल ब्रँच उघडा. शोध फाइलच्या शीर्षकात चालतो, आतल्या मजकुरात नाही. नुसतं नाव टाकून शून्य निकाल आला की लोक निराश होऊन निघून जातात. तसं करू नका. 'गदर' (ब्रिटिशांविरुद्ध लढ्यासाठी अमेरिकेतल्या हिंदी लोकांनी काढलेली पार्टी), 'सॅन फ्रान्सिस्को', 'अमेरिकेतील भारतीय विद्यार्थी' असे शब्द इंग्रजीत टाका आणि काळ १९०८ ते १९१८ लावा. क्रिमिनल इंटेलिजन्सच्या संचालकाचे साप्ताहिक अहवाल बघायला विसरू नका. ते वाचताना दोन गोष्टी सांभाळा. वर छापलेली तारीख अहवालाची असते, घटनेची नव्हे. अमेरिकेतली बातमी सिमल्याला पोचून छापेपर्यंत कित्येक आठवडे जात. आणि 'असे समजते' किंवा 'खबऱ्याकडून कळते' असं लिहिलेलं वाक्य फलकावर घेतलंत तर ते शब्दही सोबत घ्या. पोलिसांचा संशय कोणावर होता एवढंच त्यातून सिद्ध होतं.

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात 'एल / पी अँड जे / १२' ही मालिका आहे. परदेशातल्या हिंदी क्रांतिकारकांवर नजर ठेवणाऱ्या खात्याच्या या फाइली. त्यातल्या सगळ्या ऑनलाइन वाचायला मिळत नाहीत, पण फाइलचं शीर्षक आणि वर्षं कॅटलॉगमध्ये दिसतात. कालपट्टी ताडून बघायला तेवढंही पुरतं.

नागपूरची बाजू मांडायची तर १९१८ चा सेडिशन कमिटीचा अहवाल घ्या. रौलट अहवाल तो हाच. मध्य प्रांतावर त्यात वेगळं प्रकरण आहे. १९०७ ची काँग्रेस नागपुरात भरायची होती आणि जहाल-मवाळांच्या भांडणापायी सुरतेला गेली. 'देशसेवक' आणि 'हिंदी केसरी' ही पत्रं त्याच वेळी इथून निघत होती. खानखोजे देश सोडून गेले ते १९०६ च्या सुमारास, म्हणजे हे सगळं तापत असताना. पहिल्या फलकावर वर्ध्याचं बालपण चार ओळींत आटपा आणि उरलेली जागा या नागपूरला द्या. पोरगा एवढ्या लांब का गेला ते त्याशिवाय कळत नाही. टिळकांच्या विचारांचा प्रभाव, लष्करी शिक्षण घ्यायची इच्छा आणि ते इथे मिळण्याची शक्यता शून्य. मग जपान, आणि तिथून अमेरिका.

अमेरिकेतले कागद सगळ्यात सोपे. जहाजांच्या प्रवासी याद्या आणि १९१० ची जनगणना 'फॅमिलीसर्च' या संकेतस्थळावर फुकट बघता येते. ओरेगॉन अ‍ॅग्रिकल्चरल कॉलेजचं वार्षिक 'ऑरेंज' (पुढे त्याचंच 'बीव्हर' झालं) आणि पुलमनच्या वॉशिंग्टन स्टेट कॉलेजचं 'चिनूक'. त्या वर्षांचे अंक विद्यार्थ्यांच्या यादीसाठी चाळा. पुलमनच्या कॉलेजातून १९१३ साली त्यांना मिळाली ती मास्टर्सची पदवी. त्या फलकावर 'डॉक्टरेट' लिहू नका. मधल्या काळात सॅन राफाएलच्या माउंट तामाल्पाइस मिलिटरी अकॅडमीत ते शिकले. शेती आणि बंदूक एकाच माणसाच्या हातात कशी, याचं उत्तर या दोन दाखल्यांत आहे. त्यांचा एकच फलक करा, दोन करू नका.

मेक्सिकोत आर्किवो हेनेराल दे ला नासियोन, म्हणजे तिथलं राष्ट्रीय अभिलेखागार. ते लेकुम्बेर्री नावाच्या जुन्या तुरुंगाच्या इमारतीत आहे. परदेशी रहिवाशांची नोंदणी-कार्डं १९२६ पासूनची आहेत. पत्र स्पॅनिशमध्येच लिहा आणि एका पत्रात एकच गोष्ट मागा: नाव (सोळाही रूपं), राष्ट्रीयत्व 'इंदू', व्यवसाय प्राध्यापक, गाव चापिंगो (तिथल्या कृषिशाळेत ते शिकवत). चार प्रश्न एकदम विचारलेल्या पत्राला कुठलंच कार्यालय धड उत्तर देत नाही, हे आपल्याकडे काय नि तिकडे काय.

वर्धारोडवाला

भाऊ, व्हॉट्सअ‍ॅपचं काहून मनावर घेता. पण ते दावे हॉलमध्ये कोणी ना कोणी बोलून दाखवेलच, म्हणून उत्तरं खिशात ठेवा.

"खानखोजे गदर पार्टीचे अध्यक्ष होते." नाही. १९१३ मध्ये अध्यक्ष सोहनसिंग भकना, सरचिटणीस लाला हरदयाळ, खजिनदार पंडित काशीराम. खानखोजे हे ओरेगॉन-कॅलिफोर्नियातल्या सुरुवातीच्या संघटकांपैकी, आणि त्यांचा कल लढाऊ बाजूकडे. 'संस्थापकांपैकी एक' लिहा, ते बरोबर आहे आणि कमीपणाचं तर मुळीच नाही. 'गदर' पत्राचा पहिला अंक १ नोव्हेंबर १९१३ चा, उर्दूतला. गुरुमुखी आवृत्ती त्यानंतरची. फलकावर गुरुमुखी अंकाचं चित्र लावून खाली 'पहिला अंक' लिहिलेलं पुष्कळदा दिसतं, ते टाळा.

"वॉशिंग्टनला शिकले." हे अर्धंच खरं आणि त्यातून तीन चुका निघतात. राजधानी वॉशिंग्टन पूर्वेला. सिएटलचं युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन निराळं. आणि पुलमनचं वॉशिंग्टन स्टेट कॉलेज, जे नंतर विद्यापीठ झालं, ते आपलं. नकाशात टाचणी पुलमनला लावा, आयडाहोच्या सीमेला अगदी लागून आहे.

"मेक्सिकोत खानखोजे आणि मानवेंद्रनाथ रॉय एकत्र काम करत." रॉय मेक्सिकोत होते १९१७ ते १९१९. खानखोजे तिथे पोचले १९२४ ला. रॉय तोवर केव्हाचे मॉस्कोत. दोघांची गाठ पडते ती १९२१ च्या मॉस्कोत, आणि तीही गळाभेट नव्हे. बर्लिनहून वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय (सरोजिनी नायडूंचे भाऊ), भूपेंद्रनाथ दत्त, अ‍ॅग्नेस स्मेडली वगैरे जो गट गेला त्यात खानखोजे होते, आणि हा गट रॉय यांच्या विरुद्ध बाजूचा होता. भाषणात हा भाग घ्याच. क्रांतिकारक म्हणजे सगळे एका ताटात जेवणारे, असा मुलांचा समज असतो.

विष्णु गणेश पिंगळे आणि खानखोजे यांचीही सरमिसळ होते, दोघं मराठी गदरवाले म्हणून. पिंगळे तळेगाव ढमढेऱ्याचे. ते १९१४ च्या अखेरीस हिंदुस्थानात परतले, मार्च १९१५ मध्ये मीरतच्या छावणीत बॉम्बसह पकडले गेले, १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरला फाशी. खानखोजे त्याच युद्धात दुसऱ्या वाटेने गेले: इस्तंबूलवरून इराणात, दक्षिणेकडच्या टोळ्यांबरोबर ब्रिटिश फौजेविरुद्ध. सूफी अंबाप्रसाद शिराजला वारले ते याच मोहिमेत. दोन रस्ते एकाच नकाशावर दोन रंगांनी काढा, एक लाहोरला संपतो आणि दुसरा इराणातून बर्लिनकडे वळतो.

"हरितक्रांती यांनीच केली." असं लिहू नका राजेहो. रॉकफेलर फाउंडेशनचा मेक्सिकोतला कार्यक्रम १९४३ चा, गहू-संशोधक नॉर्मन बोरलॉग तिथे आले १९४४ मध्ये. खानखोजे त्याआधी वीस वर्षांपासून चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत शिकवत होते आणि मका-गव्हावर प्रयोग करत होते. एवढं तारखांसकट लिहा, अनुमान ज्याचं त्याला काढू द्या.

शेवटचं, मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराच्या चित्राबद्दल. खानखोजे ज्यात आहेत ते भित्तिचित्र मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत आहे, १९२८ चं, 'एल पान नुएस्त्रो' (आपली भाकर). टेबलाभोवती माणसं, टेबलाच्या मुख्य जागेवर बसून भाकर मोडणारा माणूस तो खानखोजेंचा चेहरा. मागे डोक्यावर फळांची टोपली घेतलेली बाई. चापिंगोच्या चॅपेलमध्येही रिवेराची भित्तिचित्रं आहेत, पण ती वेगळी. निम्म्या पोस्टमध्ये चापिंगोचंच चित्र डकवलेलं असतं. आणि हो, चापिंगो विद्यापीठात २०२२ च्या सप्टेंबरमध्ये खानखोजेंच्या पुतळ्याचं अनावरण झालं, लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते. त्याचा फोटो शेवटच्या फलकाला चालेल.

पोंगा

मक्याचं मी सांगतो. टेबलावर तीन गोष्टी मांडा.

पहिली: बाजारातलं साधं कणीस, आडवं कापलेलं. मुलांना ओळी मोजायला सांगा. १२ येतील, १४ येतील, १६ येतील, पण विषम येणार नाहीत. मक्यात फुलं जोडीने लागतात, म्हणून ओळीही जोडीने.

दुसरी: तेओसिंतेचं मोठं रेखाचित्र. मक्याचा हा रानटी पूर्वज मेक्सिकोतलाच. सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी तिथल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात त्याचा मका झाला. दिसायला झुडूप, फुटवे भरपूर, आणि कणीस म्हणजे पाच ते बारा दाण्यांची बोटभर माळ. प्रत्येक दाणा दगडासारख्या कठीण कवचात. पिकलं की माळ तुटून दाणे जमिनीवर. मधला सोट नाहीच. एवढं वेगळं दिसूनही दोघांत गुणसूत्रांच्या दहा-दहाच जोड्या, त्यामुळे संकर सहज होतो आणि पुढची पिढी वांझ निघत नाही. खानखोजेंनी मका आणि तेओसिंते यांचा संकर केला तो या आधारावर. रानटी बाजूकडून फुटवे आणि कणसांची संख्या घ्यायची, लागवडीच्या बाजूकडून दाण्याचा आकार.

तिसरी: त्यांच्या 'माईस ग्रानादा'चं चित्र. शास्त्रीय नाव त्यांनी दिलं 'झिया मेज डिजिटाटा', म्हणजे बोटांसारखा. एका कणसाला फांद्या फुटून अनेक कणसांचा झुबका. स्पॅनिशमध्ये ग्रानादा म्हणजे डाळिंब, आणि हातबॉम्बलाही तोच शब्द. गदरवाल्याच्या मक्याला हे नाव, यावर भाषणात टाळी मिळेल, पण 'म्हणूनच ठेवलं' असं म्हणू नका.

हा मका आज शेतात का दिसत नाही, हा प्रश्न नक्की येणार. फांद्यांच्या कणसात दाणे जास्त दिसतात, पण झाडाने तयार केलेलं अन्न तेवढंच असतं. ते जास्त जागी वाटलं गेलं की दाणा बारीक राहतो. झुबक्याच्या आत ओल अडकते आणि बुरशी धरते. मळणी यंत्रात असं कणीस नीट बसत नाही. झाडावर उठून दिसणारा गुण आणि एकरी उत्पादन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वेळ हातात असेल तर मुलांकडून संकर करून घ्या, खानखोजेंचं रोजचं काम काय होतं ते त्यातून कळतं. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात पांढऱ्या दाण्याचा मका १५ इंची ग्रो बॅगमध्ये, बॅगेला दोन रोपं, आठ बॅगा. दोन भाग माती, एक भाग शेणखत, पेरताना बॅगेला ५ ग्रॅम डीएपी, मग २५ आणि ४५ दिवसांनी ५-५ ग्रॅम युरिया. पिवळ्या दाण्याचा मका दुसऱ्या कोपऱ्यात, निम्मा त्याच दिवशी आणि निम्मा चार दिवसांनी पेरा, म्हणजे परागाची वेळ चुकत नाही. सुमारे ५० दिवसांनी तुरा दिसेल. पांढऱ्या झाडांचे तुरे उलगडायच्या आधी खुडून टाका. कणसाला रेशीम यायच्या आधी बटर पेपरची पिशवी चढवून खाली क्लिप लावा. पिवळ्याच्या तुऱ्यावर संध्याकाळी कागदी पिशवी बांधा, सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान तुरा वाकवून पिशवीत झटका, पिवळी भुकटी जमेल. ती लगेच रेशमावर टाका आणि पिशवी परत चढवा. पराग काही तासच जिवंत राहतो, दुपारी करू म्हणाल तर गेलं. बॅगेवर तारीख आणि 'पांढरा × पिवळा' लिहा, आई आधी, बाप नंतर.

गंमत अशी की निकाल पुढच्या पिढीची वाट बघत नाही. पिवळा रंग प्रभावी असल्याने ऑक्टोबरमध्ये त्याच पांढऱ्या मक्याच्या कणसात पिवळे दाणे दिसतात. सगळे पांढरेच निघाले तर कुठला तरी पांढरा तुरा खुडायचा राहिला होता असं समजा. जागा रिकाम्या राहिल्या, विशेषतः टोकाकडे, तर रेशीम सगळं बाहेर यायच्या आधी पराग टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकायला हवा होता. थोडे पिवळे, थोडे पांढरे म्हणजे पिशवी उशिरा चढली आणि वाऱ्याने आधीच काम केलं. प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत २०० मीटर अंतर ठेवतात ते याच कारणाने, गच्चीवर ते शक्य नाही म्हणून पिशवी.

लष्करी अळी येणारच. २०१८ पासून आपल्याकडे आहे, मूळची तीही अमेरिकेचीच. रोज सकाळी पोंगा (झाडाच्या शेंड्याची गुंडाळलेली पानं) उघडून बघा, भुश्शासारखी विष्ठा दिसली की अळी आत. हाताने काढा, ५ टक्के निंबोळी अर्क पोंग्यात सोडा.

महालकर

वा, हे टेबल पक्कं. पांढऱ्या मक्याचं बियाणं शोधतो. चूक झालेलं कणीसही ठेवीन म्हणतो, खाली कारण लिहून.

आता चित्रांचं विचारायचंय. रिवेराचं भित्तिचित्र आणि छायाचित्रकार तीना मोदोत्तीने काढलेले खानखोजेंचे आणि मक्याचे फोटो छापले तर कायद्याची अडचण आहे का? आणि सनबोर्ड की फ्लेक्स?

खिळे जुळवणारा

भारतात निर्मात्याच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहतो. रिवेरा वारले नोव्हेंबर १९५७ मध्ये, म्हणजे २०१७ अखेर मुदत संपली. फोटोंची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. मोदोत्तीचे फोटो १९२० च्या दशकातले, ती स्वतः १९४२ ला वारली. तेव्हा छापून नागपुरातल्या हॉलमध्ये लावायला हरकत नाही.

पण खानखोजे वारले २२ जानेवारी १९६७ ला. त्यांच्या स्वतःच्या लेखनाचा हक्क ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत आहे. त्यांच्या स्पॅनिश पुस्तिकेचं पानच्या पान उतरवायचं तर वारसांची परवानगी लागते. चर्चेपुरतं दोन-तीन ओळींचं अवतरण चालतं. अप्रकाशित पत्र असेल तर हिशोब पुन्हा वेगळा, कारण मृत्यूनंतर प्रथम छापलेल्या मजकुराची ६० वर्षं प्रकाशनापासून. दोन्ही चरित्रांतले उतारे तर अजिबात उचलू नका, स्वतःच्या शब्दांत लिहा.

लोक घसरतात ते पुढे. प्रदर्शन झाल्यावर सगळे फलक पीडीएफ करून नेटवर टाकतात. नेटवर टाकलं की ते मेक्सिकोतही गेलं. तिथे रिवेराचे हक्क बांको दे मेक्सिकोच्या विश्वस्त निधीकडे आहेत, आणि चित्र राष्ट्रीय वारसा असल्यामुळे तिथल्या ललितकला संस्थेचीही परवानगी लागते. म्हणून नेटच्या प्रतीत भित्तिचित्राच्या जागी त्याचं दोन ओळींचं वर्णन टाका. शिवाय भित्तिचित्राचा आजचा फोटो ज्याने काढला त्याचे हक्क निराळे. विकिमीडियावरचा खुल्या परवान्याचा घ्या आणि परवान्याची ओळ फलकाच्या तळाशी १४ पॉइंटमध्ये छापा.

छपाई सनबोर्डवरच करा, ५ मिमी. ३ मिमीचा बोर्ड दोन दिवसांत वाकतो. फ्लेक्सवर जुन्या फोटोतले करडे रंग मातकट होतात. वरून मॅट लॅमिनेशन, ग्लॉसी केलंत तर ट्यूबलाइट चमकते आणि ज्येष्ठांना मान वाकडी करून वाचावं लागतं. २४ बाय ३६ इंचाला १५० डीपीआयने ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. नेटवरचा १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो याच हिशोबाने ८ इंचच नीट छापला जाईल. तो ताणून दोन फूट करू नका, ८ इंचाचाच ठेवा आणि भोवती जागा सोडा. जुन्या फोटोला ते शोभतं.

मजकूर ३० पॉइंट, फलकाला १२० ते १३० शब्द. यापुढे गेलात की कोणी वाचत नाही, नुसता फोटो काढून पुढे जातात. युनिकोडमध्ये टाइप केलेलं सीताबर्डीवर छपाईला नेलं आणि ऑपरेटरने श्रीलिपीत बदललं की रफार आणि 'ऱ्य' हमखास फुटतात. 'वऱ्हाड' आणि 'शेतकऱ्यांसाठी' हे दोन शब्द प्रूफात आधी बघा. त्यापेक्षा घरूनच पीडीएफ करा, अक्षरांचे कर्व्ह (म्हणजे फॉन्टऐवजी बाह्यरेषा) करून न्या. स्पॅनिश नावांची एक यादी बनवा आणि सगळीकडे तीच रूपं ठेवा: चापिंगो, तेस्कोको, दिएगो रिवेरा, रामोन दे नेग्री. एका फलकावर 'डिएगो' आणि दुसऱ्यावर 'दिएगो' झालं की दोन माणसं वाटतात.

वर्धारोडवाला

दे नेग्रींचं नाव निघालंच आहे तर त्यांना अर्धा फलक द्या. गदरच्या काळात हे गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोत मेक्सिकोचे कॉन्सल होते, खानखोजेंची ओळख तिथली. पुढे ते मेक्सिकोच्या सरकारात वजनदार झाले. १९२४ ला इराण, बर्लिन, मॉस्को करून थकलेला माणूस नेमका मेक्सिकोतच का गेला, याचं उत्तर या ओळखीत आहे. महालकर, तुमचा सांधा जुळत नव्हता ना, तो हा.

आणि तिथल्या 'मोफत शेतकी शाळा' विसरू नका, एस्कुएलास लिब्रेस दे आग्रिकुल्तुरा. क्रांतीनंतर जमीन मिळाली पण शेतीचं शिक्षण नाही अशा शेतकऱ्यांसाठी. एका शाळेला शेतकरी क्रांतिकारक झापाताचं नाव होतं. मोदोत्तीने या शाळांचेही फोटो काढलेत. गदरमधला संघटक आणि चापिंगोचा प्रोफेसर इथे एकाच माणसात दिसतात.

जुनी दप्तरं

शेवटच्या दोन फलकांबद्दल राहिलं होतं. १९३६ साली त्यांनी बेल्जियमच्या जीन सिंदिक यांच्याशी लग्न केलं, दोन मुली. ब्रिटिश राज्य असेतो परतीची वाट बंदच होती. १९४९ ला सरकारच्या निमंत्रणावरून ते आले आणि काही वर्षांनी नागपुरात कायमचे राहिले. या काळाचे सरकारी कागद नागपूरच्या पुराभिलेख कार्यालयात मिळतील असं वाटतं, पण जपून. तेव्हा नागपूर मध्य प्रांत व वऱ्हाडची, मग १९५० पासून मध्य प्रदेशची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि राजधानी भोपाळला, तेव्हा दप्तरंही विभागली गेली. अर्जात खात्याचं नाव, वर्ष आणि 'तत्कालीन मध्य प्रदेश शासन' असं स्पष्ट लिहा. इथे नसेल तर भोपाळच्या अभिलेखागाराला तोच अर्ज पाठवा. फलकावरही 'महाराष्ट्र सरकारने बोलावलं' असं लिहू नका, महाराष्ट्र व्हायला तेव्हा अकरा वर्षं होती.

मृत्यूच्या बातमीसाठी जुनी वर्तमानपत्रं. २२ जानेवारी १९६७ रविवार होता, म्हणजे सोमवार-मंगळवारचे, २३ आणि २४ तारखेचे अंक मागा. 'तरुण भारत' आणि 'हितवाद' दोन्ही. चौथी सार्वत्रिक निवडणूक फेब्रुवारीत होती, पहिलं पान उमेदवारांनी भरलेलं असणार, तेव्हा आतली पानं आणि शोकसभांच्या छोट्या बातम्यांसाठी पुढचा आठवडाभर चाळा. बांधीव फाइलचं पान दाबून सपाट करू नका, कणा तुटतो. फ्लॅश बंद ठेवून खिडकीच्या उजेडात फोटो घ्या आणि त्याच फोटोत वरची तारखेची पट्टी आली पाहिजे, नाहीतर घरी आल्यावर कुठला अंक ते सांगता येत नाही.